डूट

चामड्याचा पट्टा. टोकाशी मधोमध चिरलेला, म्हणून त्याला दोन जिभा.

वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये फ्रिजवर चिकटवलेला कागद: 'माझी खिचडी कोणी खाल्ली ते मला रक्ताच्या नमुन्यावरून कळतं. चित्रलेखा.'

पोर्ट केम्बला, १९७९. माणसाच्या तोंडावर बिअरचा ग्लास फुटतो तेव्हा आधी आवाज येतो. रक्त मागाहून, सावकाश, परवानगी घेतल्यासारखं.

हॅरिस पार्क, मिठाईचं दुकान: "श्रीखंड खतम, दीदी. आम्रखंड चलेगा?"

पुरस्काराच्या मानपत्रातली ओळ: 'दोन भाषांच्या मधल्या जागेत राहणारी कोवळीक.'

काँक्रीटच्या पायऱ्या. होजपाइपने धुतलेल्या. बाकी अंगण कोरडं.

व्हॉइसमेल, रविवार सकाळ: "ग्लेनिस, मर्डो बोलतोय. ती पडली. आ डूट शी'ज डीड. फोन कर."

*

मर्डो टेलफर हा कवी. इंग्रजीत लिहायचा आणि स्कॉट्समध्ये. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्याच्या गावची, त्याच्या आईची भाषा. इंग्रजीची बहीण, पण इंग्रजीवाल्यांना ती बिघडलेली इंग्रजी वाटते. पुण्यातल्या काही लोकांना पुण्याबाहेरचं सगळंच मराठी बिघडलेलं वाटतं तशी.

वर्गात मास्तरांनी विचारलं होतं, आज पाऊस येईल का? मर्डो आठ वर्षांचा. तो म्हणाला, "आ डूट इट विल."

"तुला शंका आहे?" मास्तर म्हणाले. "मग रेनकोट कशाला आणलास?"

वर्ग हसला. मर्डोला कळेना. त्याच्या घरी 'डूट' म्हणजे येणारच. म्हणजे भीती वाटते की येईल, आणि भीती खरी असते. इंग्रजांचा 'डाउट' बरोबर उलटा. मास्तरांनी टेबलाच्या खणातून पट्टा काढला. एका हाताखाली दुसरा हात आधाराला धरायचा, म्हणजे तळवा खाली जात नाही. बाहेर पाऊस सुरू झाला तेव्हा मर्डोची बोटं मिटत नव्हती.

ही गोष्ट तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. सांगताना तळवे दाखवायचा. लोकांचे डोळे भरून यायचे.

*

पुढचं थोडक्यात.

ऑस्ट्रेलियात आला. पोर्ट केम्बलाला पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर लागला. पबमध्ये एकजण म्हणाला, मेट, इंग्लिशमध्ये बोल ना. मर्डोने हातातला ग्लास त्याच्या तोंडात घातला. त्या माणसाला पुढे आयुष्यभर शिट्टी वाजवता आली नाही.

मर्डोने त्यावर कविता लिहिली. स्कॉट्समध्ये. ती गाजली. समीक्षकांनी लिहिलं की फुटलेला ग्लास हे भाषेचं रूपक आहे.

पहिली बायको डावा हात गळ्यात बांधून पर्थला निघून गेली. त्यावरही कविता. तिच्यात एक मोडलेली फांदी होती. तीही रूपक.

इंग्रजी कविता मऊ असायच्या: मॅगपाय, निलगिरीची झाडं, आईचा एप्रन. बक्षिसं त्यांना मिळायची. स्कॉट्स कविता फार कुणाला समजायच्या नाहीत, पण मोठ्याने वाचल्या की अंगावर यायच्या. लोक टाळ्या त्यांना द्यायचे.

"त्याच्या कवितेत रूपक कुठेच नाहीये गं," चित्रलेखा एकदा बहिणीला म्हणाली. "सगळं जसंच्या तसं आहे."

*

चित्रलेखा कर्वेनगरची. स्टुडंट व्हिसावर सिडनीला आली, पुढे कायम राहायचा पीआर मिळवला, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासायची. कवितेच्या एका वर्कशॉपमध्ये तिला मर्डो भेटला. तो साठीचा, ती पस्तिशीची. धाकटी बहीण मंजिरी तेव्हा नुकतीच नवऱ्याबरोबर सिडनीत आली होती, हॅरिस पार्कला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होती.

"ताई, अगं तो म्हातारा आहे."

"कवी आहे."

"ते अजूनच वाईट," मंजिरीचा नवरा शैलेंद्र म्हणाला.

लग्नानंतर मंजिरी मर्डोला भाओजी म्हणायला लागली. त्याला ते फार आवडलं. तो स्वतःला 'बाओजी' म्हणवून घ्यायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, हा माझा नवा किताब.

चित्रलेखाने त्याच्या स्कॉट्स कविता मराठीत आणायला घेतल्या. मधे इंग्रजीला येऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलं. एका दुपारी तिने मंजिरीला लॅबमधून फोन केला.

"ऐक ना, मजा. हे लोक 'डाउट' कसा वापरतात माहितीये? आपल्यासारखा. आपण म्हणतो ना, मला शंका आहे हा माणूस दारू पितो. म्हणजे काय? पितोच. नुसती शंका नसते ती. इंग्लिशमध्ये 'आय डाउट ही ड्रिंक्स' म्हटलं की झालं उलटं. पण स्कॉट्समध्ये सरळ! मी तसंच्या तसं उचललं. 'मला शंका आहे, बर्फ आत शिरलंय.'"

"सुंदर," मंजिरी म्हणाली. "आणि तुझा आवाज असा का येतोय?"

"ओठ सुजलाय. कपाटाचं दार लागलं."

*

कपाटाचं दार.
न्हाणीघरातली फरशी.
शेजाऱ्यांचा कुत्रा (कुत्र्याने मारलं नाही, कुत्र्यामुळे पडले).
ट्रेनचं दार, पुन्हा कपाट, पुन्हा फरशी.

हॅरिस पार्कच्या मिठाईच्या दुकानात बसून मंजिरी एकदा सरळ म्हणाली, "ताई, माझ्याकडे चल. आज. आहे तशी."

चित्रलेखाने जिलबीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "एवढं पुस्तक होऊ दे."

"पुस्तक महत्त्वाचं आहे?"

"माझंच आहे ते, मंजू. त्याचं नाहीये. त्याला मराठीत एक अक्षर कळत नाही. त्या घरात तेवढंच माझं आहे."

म्हणूनच मराठीचा त्याला राग होता. घरात चित्रलेखा फोनवर मराठीत बोलू लागली की तो उठून दाराशी उभा राहायचा. मंजिरीने एकदा ऐकलं. आई कशी आहे, गुडघा कसा आहे, असं काहीतरी चाललं होतं. मग मर्डोचा आवाज, शांत: "नॉट इन माय हूस." माझ्या घरात नाही. मग एक आवाज आला, ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा. मग पुन्हा. फोन खाली पडला होता, बंद झाला नव्हता. मंजिरी ऑफिसच्या किचनमध्ये उभी राहून ऐकत होती. मायक्रोवेव्हमध्ये कुणाचंतरी सूप फिरत होतं. ताई ओरडत नव्हती. तो प्रत्येक फटक्यानंतर थांबत होता. वहीत ओळ सोडून लिहितात, तसा.

मंजिरीने पोलिसांना फोन केला. पोलीस गेले. चित्रलेखाने दार उघडून सांगितलं, काही नाही, नो वरीज.

*

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चित्रलेखा मागच्या पायऱ्यांवरून पडली. डोक्याची कवटी मागून फुटली. अॅम्ब्युलन्स संध्याकाळी आली, कारण मर्डोने ती संध्याकाळीच बोलावली.

त्याचा जबाब असा: सकाळी ती घसरली. उठून बसली, बोलली, मला एकटीला सोड म्हणाली. मला फार काही लागलंय असं वाटलं नाही. मी नदीकाठी फिरायला गेलो. परत आलो तर ती गेलेली.

आणि या जबाबाला आधार होता त्या व्हॉइसमेलचा. मर्डोने सकाळी ग्लेनिसला, म्हणजे त्याच्या प्रकाशिकेला, फोन केला होता. ग्लेनिसने तो ऐकला, 'ती मेली असेल असं मला वाटत नाही' असा त्याचा अर्थ लावला, आणि हा मर्डोचा नेहमीचा तमाशा असं समजून ती जेवायला गेली. नंतर तिनेच तो पोलिसांना नेऊन दिला. मर्डो निर्दोष आहे याचा पुरावा म्हणून.

मंजिरीला तो ऐकवण्यात आला. ओळखीचा आवाज आहे का, एवढंच विचारायचं होतं. ती ऐकता ऐकता खुर्चीतून उठली.

"हा म्हणतोय की ती मेली आहे."

डिटेक्टिव्हने समोरचा कागद पाहिला. त्यावर टाइप केलेलं होतं: आय डाउट शी'ज डेड. "उलट म्हणतोय, लव्ह."

"ही स्कॉट्स आहे. स्कॉट्समध्ये 'डूट' म्हणजे..."

"तो हाऊसला हूस म्हणतो. ॲक्सेंट आहे त्याचा."

"त्याची अख्खी कविता आहे या शब्दावर!"

डिटेक्टिव्ह वाईट माणूस नव्हता. त्याने तिला पाणी दिलं. "हे बघ. आम्ही त्याला विचारलं. तो म्हणाला, मी इंग्लिशमध्ये बोलत होतो. दोन भाषांचा माणूस आहे तो. फोनवर कुठल्या भाषेत होता ते त्याच्याशिवाय कोण सांगणार? एक्स्पर्ट आणला तर तो म्हणेल, दोन्ही शक्य आहे. तिच्या अंगावरचे जुने वळ मी पाहिलेत. मलाही तो आवडत नाही. पण ती जिवंत आहे असं त्याला वाटत होतं, हे खोडल्याशिवाय माझ्या हातात काही नाही."

मंजिरीला त्या दिवसापासून एकच गोष्ट हवी होती. 'डूट' हा शब्द आपल्या तोंडात कुठल्या अर्थाने असतो, ते मर्डोने स्वतः, चारचौघांत, सांगायला हवं होतं.

*

शैलेंद्र: तू वेडी आहेस.
मंजिरी: हो.
शैलेंद्र: तो कशाला सांगेल? कवी आहे, गाढव नाही.
मंजिरी: कवी आहे म्हणूनच सांगेल.
शैलेंद्र: आणि मी काय करायचं?
मंजिरी: फोन चार्ज करून ठेवायचा.

*

सप्टेंबरमध्ये मर्डोचं नवं पुस्तक आलं. मृत पत्नीवरच्या विलापिका, अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या स्कॉट्समध्ये. प्रकाशन पॅरामॅटाच्या एका हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. प्लास्टिकच्या ग्लासात वाइन, चीज, समोसे. समोसे ग्लेनिसने मुद्दाम मागवले होते, चित्रलेखाच्या स्मरणार्थ. चित्रलेखाला समोसे आवडायचे नाहीत.

मर्डोच्या गळ्यात चित्रलेखाची इरकली ओढणी होती. मफलरसारखी. मंजिरीने ती पाहिली आणि शैलेंद्रच्या शेजारी जाऊन बसली.

मर्डोने वाचलं. चांगलं वाचलं. तो थांबायचा तिथे लोकांचे श्वास थांबायचे. एका कवितेत पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांवर डाळिंब फुटलेलं होतं. पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली. रूपक, शैलेंद्र हळूच म्हणाला, आणि त्याने फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

मग प्रश्नोत्तरं. मंजिरीने हात वर केला. माइक ग्लेनिसच्या हातात होता. तिने तो मंजिरीपुढे धरला.

"माझ्या बायकोची बहीण," मर्डो हॉलला म्हणाला. मऊ इंग्रजीत. सगळ्यांनी वळून पाहिलं, मान हलवली, कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर," मंजिरी म्हणाली, "आय हॅव अ डाउट."

मागच्या रांगेतले देशी लोक फिस्सकन हसले. कॉलेजात प्रत्येकाने हे वाक्य हजारदा म्हटलेलं होतं. मर्डोही हसला.

"तुला प्रश्न विचारायचाय, पोरी. 'डाउट' म्हणजे प्रश्न नव्हे."

"सॉरी सर. माझं इंग्लिश असंच आहे. पण मग तुमच्या कवितेतही तीच चूक आहे ना?" तिने त्याच्या जुन्या पुस्तकाचं पान उघडलं. "इथे. 'आ डूट द स्नॉ इज इन ये.' बर्फ तुझ्यात शिरलंय. तुम्हाला म्हणायचंय की नक्की शिरलंय. आणि तुम्ही लिहिलंय डाउट. हे रॉंग इंग्लिश आहे, सर. एडिटरने काढायला हवं होतं."

"ते इंग्लिश नाही."

"हो, चुकलंय, तेच म्हणते मी."

"ते चुकलेलं नाही." त्याचे गाल तांबडे झाले. "ते स्कॉट्स आहे. माझ्या आईचा शब्द आहे तो. तुमच्या इंग्लिशच्या आधीपासूनचा. आ डूट म्हणजे मला जवळजवळ खात्री आहे, आणि त्या खात्रीची मला भीती वाटते. ही एवढी गोष्ट सांगायला इंग्लिशकडे शब्दच नाही."

"पण सर, आता पन्नास वर्षं झाली तुम्हाला इथे. आता तरी बरोबर वापरायला लागला असाल ना? डिक्शनरीत आहे तसा?"

वर्ग हसला. म्हणजे हॉल हसला, पण मर्डोने ते कुठे ऐकलं ते त्याच्या हातांवरून दिसलं. उजव्या तळव्याखाली त्याने डावा तळवा धरला होता.

"बरोबर?" तो म्हणाला. आवाज खाली गेला, इंग्रजी गळून पडली. "ऐक. त्या शब्दासाठी माझी सालं काढलीयेत लोकांनी. जन्मात एकदाही मी तो त्यांच्यासारखा वापरलेला नाही. एकदाही! मास्तरापुढे नाही, साहेबापुढे नाही, पाद्र्यापुढे नाही, पोलिसापुढे नाही. झोपेत नाही. डूट! माझ्या तोंडात त्याला एकच अर्थ आहे, आणि मरेपर्यंत एकच राहील."

टाळ्या पडल्या. खूप. त्या रडणाऱ्या बाईने उभं राहून वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत मंजिरी थांबली.

"आणि ग्लेनिसपुढे?" ती हसून म्हणाली. "फोनवर?"

ग्लेनिसचा माइक धरलेला हात खाली आला. तिचे ओठ हलले. ती मनात ते वाक्य परत म्हणून पाहत होती. माइक चालूच होता, म्हणून तिचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू आला.

"मर्डो," ती म्हणाली. "अरे देवा. मर्डो."

मग त्याला कळलं.

टेबलावर पाण्याचा काचेचा जग होता, जड बुडाचा. तो घेऊन मर्डो व्यासपीठावरून उतरला, म्हाताऱ्या माणसाने उतरावं तसा, गुडघा सांभाळत. कुणालाच घाई करावीशी वाटली नाही. जग मंजिरीच्या डाव्या गालावर बसला. आधी आवाज. ती दोन खुर्च्यांच्या मधे पडली. त्याने ओढणीचं टोक बाजूला टाकलं, तिचे केस मुठीत धरले आणि जगाच्या उरलेल्या कानाने पुन्हा मारलं, तोंडावर. प्रत्येक वेळी मधे थांबून. तो काय बोलत होता ते स्कॉट्स होतं, आणि हॉलमधल्या कुणाला ते कळलं नाही, मंजिरी सोडून. तो म्हणत होता, तुझी बहीण पण अशीच हसली होती.

शैलेंद्रने फोन टाकला नाही. त्याने एका हाताने फोन धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने खुर्ची उचलून मर्डोच्या बरगड्यांत घातली. मग आणखी तिघं धावले. मर्डो खाली पडूनही लाथा मारत होता. एकाच्या मनगटाला चावला. सुटाबुटातला एक प्राध्यापक त्याच्या छातीवर बसला होता आणि त्याला सॉरी, सॉरी म्हणत होता.

मंजिरीने तोंडातून काच थुंकली, मग दात. मग आणखी काच. तिला शैलेंद्रला विचारायचं होतं, पण जबडा हलेना. त्याने फोन तिच्यापुढे धरला. लाल ठिपका अजून जळत होता.

तिने मान हलवली.

*

जबडा तारांनी बांधला होता. वेस्टमीडच्या वॉर्डमध्ये शैलेंद्र स्ट्रॉने तिला वरणाचं पाणी पाजत होता.

"आता निदान महिनाभर घरात शांतता," तो म्हणाला. मग त्याला हुंदका आला आणि वरण चादरीवर सांडलं.

मंजिरीने त्याच्या पायावर लाथ मारली. हळू. मारल्यावर तिला स्वतःचाच पाय परका वाटला, आणि तिने तो पांघरुणात ओढून घेतला.

डिटेक्टिव्ह येऊन गेला. या वेळी त्याने कागद आणला नव्हता. "दोन्ही रेकॉर्डिंग मी पाठोपाठ ऐकली," तो म्हणाला. "आधी हॉलमधलं, मग फोनवरचं." त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "आता मला ते दुसऱ्या अर्थाने ऐकूच येत नाही."

*

कोर्टात ज्युरीनेही ती त्याच क्रमाने ऐकली.

मर्डोच्या वकिलाने सांगितलं की वृद्ध कवीने रागाच्या भरात मातृभाषेबद्दल अतिशयोक्ती केली. मर्डो मधेच उठला आणि म्हणाला, अतिशयोक्ती नाही. वकिलाने त्याला हाताला धरून खाली बसवलं. तो पुन्हा उठला. न्यायाधीशांनी विचारलं, मिस्टर टेलफर, तुम्हाला काही सांगायचंय? तो म्हणाला, हा माणूस माझा शब्द चुकीचा सांगतोय.

त्याने तिला पायऱ्यांवरून ढकललं होतं, ती मेली असं समजला होता, आणि दिवसभर तिला तिथेच ठेवून पायऱ्या धुतल्या होत्या, हे ज्युरीने मानलं. शिक्षा झाली तेव्हा मंजिरी पहिल्या बाकावर होती. तिच्या गालावरचा व्रण बोलताना अजून ओढला जायचा. मर्डोला खाली नेताना तो तिच्याकडे न पाहता गेला.

शवविच्छेदनाचा अहवाल या सगळ्याच्या कितीतरी आधी, मार्चमध्येच आला होता: मर्डोने ग्लेनिसला तो फोन केला तेव्हा चित्रलेखा जिवंत होती.